ॲलर्जी: कमीत कमी टोचून तपासणी आणि उपचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचा मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा त्याच्या अंगावर सारखं पुरळ उठायचं. एका ठिकाणी त्याचं रक्त तपासायला घेतलं. नस सापडेना म्हणून तीनदा टोचलं. मग पंचाहत्तर पदार्थांची यादी हातात आली आणि त्यातल्या अकरा पदार्थांपुढे खूण होती. दूध, गहू, अंडं, शेंगदाणे, सगळं एका दिवसात बंद झालं. पुरळ होतं तसंच राहिलं आणि मुलाचं वजन मात्र वाढेनासं झालं. सव्वा वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, मग चारच पदार्थांची त्वचेवर तपासणी केली. पुरळ एक्झिमाचं (त्वचा कोरडी पडून खाजणाऱ्या आजाराचं) निघालं आणि ॲलर्जी फक्त अंड्याची.

तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, खूप जण मला हेच प्रश्न विचारतात. मी डॉक्टर नाही. वाचून, विचारून आणि सोसून जे कळलं ते इथे आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

ॲलर्जी तपासायची म्हणजे सुई टोचून घ्यावीच लागते का?

नाही. निदानाचा मोठा भाग बोलण्यातूनच होतो, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. चांगला डॉक्टर विचारतो: नक्की काय खाल्लं किंवा कशाला हात लावला? त्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला? किती वेळ टिकला? तीच गोष्ट आधी कधी खाल्ली होती का, नंतर पुन्हा खाल्ली का? त्या दिवशी ताप होता का, व्यायाम झाला होता का, एखादी वेदनाशामक गोळी घेतली होती का? (ताप, व्यायाम आणि काही वेदनाशामक गोळ्या यांनी ॲलर्जीची प्रतिक्रिया वाढू शकते. म्हणून तोच पदार्थ एकदा सोसतो आणि एकदा सोसत नाही.)

वेळ इथे फार महत्त्वाची. अन्नाची नेहमीची ॲलर्जी काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. काल दुपारी खाल्लेल्या पदार्थाने आज संध्याकाळी शिंका येत असतील तर तो पदार्थ बहुतेक निर्दोष आहे. याला एक विलक्षण अपवाद आहे. काही जातींची गोचीड चावल्यावर शरीर ‘अल्फा-गॅल’ नावाच्या साखरेविरुद्ध उभं राहतं. ही साखर सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. ते मांस खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री, अंगभर गांधी उठतात. रात्रीच्या जेवणाचा आणि पहाटेच्या खाजेचा संबंध कुणी विचारल्याशिवाय जुळत नाही.

म्हणून पहिल्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंदवही न्या आणि पुरळाचे फोटो न्या. गांधी काही तासांत मावळतात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत अंग स्वच्छ दिसतं, त्यामुळे मोबाइलमधला फोटो हा पुरावाच ठरतो. संशय असलेल्या पदार्थाच्या वेष्टनावरच्या घटकांचाही फोटो काढून ठेवा.

स्किन प्रिक टेस्ट किती दुखते?

नाव ऐकून वाटतं त्यापेक्षा पुष्कळच कमी. हातावर किंवा पाठीवर ॲलर्जी करणाऱ्या पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि एका छोट्या टोकाने त्वचेचा अगदी वरचा थर, साधारण एक मिलिमीटर, हलकेच टोचतात. रक्त येत नाही, आलंच तर ठिपक्याएवढं. शेजारी दोन थेंब तुलनेसाठी असतात: हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनाचा, जो प्रत्येकाला उठायला हवा, आणि मिठाच्या पाण्याचा, जो कुणालाच उठायला नको. १५ ते २० मिनिटांनी मोजतात. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली तर तपासणी ‘पॉझिटिव्ह’ समजतात.

खरा त्रास टोचण्याचा नसतो. ती वीस मिनिटं खाज सुटलेली असताना खाजवायचं नाही, हा त्रास मोठा. आमच्या मुलाला पाठीवर तपासणी केली आणि हातात पाण्याने रंगवायचं पुस्तक दिलं. त्याला टोचलेलं आठवत नाही, पुस्तक आठवतं.

तपासणीच्या आधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, साधारण तीन ते सात दिवस, औषधानुसार. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्यांमुळेही निकाल दबतो, पण त्या स्वतःहून थांबवू नका, आधी विचारा. दम्याचा पंप आणि नाकातला स्टेरॉइड स्प्रे सहसा चालू ठेवता येतो.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच परागकणांचा त्रास होता. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्याच हातावर ओरखडा काढून त्यावर परागकण चोळून पाहिले आणि १८७३ मध्ये ते प्रयोग छापले. तेव्हा ‘ॲलर्जी’ हा शब्दही जन्मला नव्हता. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये आणला.

मुलाला सुईची फार भीती वाटते. काय करावं?

आडवं करून, चार जणांनी हातपाय धरून टोचणं बंद करा. तसं कुणी करत असेल तर थांबवायचा हक्क तुम्हाला आहे. मूल मांडीवर, उभं, छातीशी धरलेलं असलं की भीती अर्ध्यावर येते. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजता येतं. मोठ्या मुलाला साबणाचे फुगे फुंकायला द्या. फुंकताना श्वास लांब होतो आणि लक्षही वेधलं जातं.

‘काही दुखणार नाही’ असं म्हणू नका. दुखलं की पुढच्या वेळी तुमच्यावरचा विश्वास गेलेला असतो. ‘चिमटा काढल्यासारखं वाटेल, मी दहा म्हणेपर्यंत संपेल’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

रक्त घ्यायचं असेल तर लिडोकेन आणि प्रिलोकेन असलेलं बधिर करणारं मलम साधारण तासभर आधी लावून ठेवता येतं. ते आम्हाला पहिल्या वेळी कुणी सांगितलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्वचेवरच्या तपासणीआधी मात्र विचारूनच लावा, कारण मलमामुळे लाली कमी दिसू शकते.

मग रक्ततपासणी कधी करायची?

जिथे त्वचा उपयोगी पडत नाही तिथे. अंगभर एक्झिमा आहे, ॲलर्जीच्या गोळ्या एक दिवसही थांबवता येत नाहीत, किंवा नखाने रेघ ओढली तरी त्वचा फुगते, अशा लोकांसाठी रक्ततपासणी बरी. एकदा रक्त दिलं की काम झालं, आणि प्रतिक्रियेचा धोका शून्य.

रक्तात शोधतात ते आयजीई नावाचं प्रतिपिंड. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. आज प्रत्येक पदार्थाविरुद्धचं आयजीई वेगळं मोजता येतं. अहवालात ०.३५ ही जुनी सीमारेषा दिसेल, त्यावरचा आकडा ‘पॉझिटिव्ह’ धरतात.

पण आकडा म्हणजे ॲलर्जी नव्हे. हे वाक्य मला कुणीतरी त्या पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आयजीई सापडलं याचा अर्थ शरीराने त्या पदार्थाची ‘नोंद’ घेतली आहे. त्रास होईलच असं नाही. कित्येक जण शेंगदाण्याचं आयजीई रक्तात घेऊन मजेत शेंगदाणे खातात. आकडा मोठा असेल तर ॲलर्जी असण्याची शक्यता वाढते, पण प्रतिक्रिया किती तीव्र होईल ते त्यावरून कळत नाही. आणि ‘टोटल आयजीई’ (रक्तातलं सगळं आयजीई मिळून) वाढलेलं आहे एवढ्यावरून तर काहीच ठरत नाही.

आता पदार्थातलं एकेक प्रथिनही तपासता येतं. शेंगदाण्यात ‘आरा एच २’ विरुद्ध आयजीई सापडलं तर खऱ्या ॲलर्जीची शक्यता बरीच. फक्त ‘आरा एच ८’ विरुद्ध सापडलं तर बहुधा बर्च झाडाच्या परागकणांशी असलेलं साम्य कारण असतं आणि त्रास तोंडातल्या खाजेपुरता राहतो. रक्त तेवढंच लागतं, पण ‘आयुष्यभर बंद’ आणि ‘थोडी खाज, काळजी नको’ यांतला फरक त्यातून कळतो.

एकदाच शंभर पदार्थांची तपासणी करून टाकली तर? पुन्हा पुन्हा टोचायला नको.

कृपा करून असं करू नका. मोह समजतो. आम्हीही त्याच मोहात पडलो.

जे पदार्थ मूल रोज खातं आणि पचवतं त्यांची तपासणी करायचं कारणच नसतं. तरी केली की खोट्या खुणा येतातच, एक्झिमा असलेल्या मुलात तर हमखास. मग घाबरून पदार्थ बंद होतात. पोषण घटतं हा एक तोटा. दुसरा त्याहून गंभीर: एक्झिमा असलेल्या ज्या मुलाला एखादा पदार्थ आधी चालत होता, त्याला तो कित्येक महिने बंद ठेवल्यावर पुन्हा दिला तर खरी, तीव्र ॲलर्जी उभी राहू शकते. खाण्यातून शरीराला जी सवय राहते, ती आपण हाताने मोडतो.

हळुवार निदान म्हणजे फक्त कमी सुया असं मी आधी समजत होते. सुईची जखम तासाभरात बुजते. नको असलेली बंदी वर्षानुवर्षं चालते, घरातल्या प्रत्येक जेवणात, शाळेच्या प्रत्येक डब्यात, प्रत्येक वाढदिवसाला. तपासणी कमी करायची ती यासाठी. डॉक्टरांनी नऊ नळ्यांची चिठ्ठी लिहिली तर विचारा: ‘यातली कुठली तपासणी, कुठल्या संशयासाठी?’

केसांचा नमुना, आयजीजी तपासणी, इलेक्ट्रोड हातात धरायची यंत्रं? यांत सुई नसते किंवा थेंबभरच रक्त लागतं.

दुखत नाहीत हे खरं, पण ॲलर्जी सांगतही नाहीत. केस, बुबुळं, स्नायूंची ताकद, विजेचा प्रवाह यांवरून ॲलर्जी ओळखता येत नाही. आयजीजी ही तपासणी सर्वांत फसवी, कारण नाव शास्त्रीय आहे आणि अहवाल देखणा येतो. आयजीजी हे आयजीईपेक्षा वेगळं प्रतिपिंड आहे, आणि ते बनतं ते आपण तो पदार्थ खातो म्हणून. ती बहुतेकदा सहनशीलतेची खूण असते. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. अहवालातली लाल यादी म्हणजे तुमच्या नेहमीच्या जेवणाची यादी.

अजिबात न टोचता होणारी खरी तपासणी आहे का?

आहे, आणि एकाहून जास्त आहेत.

पॅच टेस्ट त्यातली सर्वांत जुनी. योसेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये ती मांडली. दागिन्यातलं निकेल, सुगंधी द्रव्यं, केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन, रबरातली रसायनं यांच्या संपर्काने दोन-तीन दिवसांनी खाजरा, ओलसर चट्टा येतो. ती ॲलर्जी आयजीईची नसतेच, त्यामुळे प्रिक टेस्ट किंवा रक्त यात ती दिसत नाही. पाठीवर छोट्या पट्ट्या ४८ तास चिकटवतात, मग काढून वाचतात आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा वाचतात. दुखत नाही, पण तेवढे दिवस पाठ ओली करायची नाही आणि घामाचं काम टाळायचं. दुसरं वाचन चुकवू नका, बऱ्याच खुणा तेव्हाच उमटतात.

दम्याचा संशय असेल तर फुंकून तपासता येतं. एका यंत्रात सलग, एकाच जोराने श्वास सोडायचा, मोठ्यांनी दहा सेकंद, लहानांनी सहा. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडवरून श्वासनलिकेत ॲलर्जीसारखी सूज आहे का ते कळतं. मोठ्या माणसात ५० भाग प्रति अब्ज किंवा जास्त आलं तर सूज असण्याची शक्यता बळकट होते. साधारण पाच वर्षांपुढच्या मुलांना हे जमतं. धूम्रपानाने आकडा खाली जातो, म्हणून खरं सांगा.

आणि तिसरी, सगळ्यांत निर्णायक: खाऊन पाहणं.

खाऊन पाहणं? म्हणजे घरी थोडं देऊन बघायचं?

घरी अजिबात नाही. दवाखान्यात, आपत्कालीन औषधं शेजारी ठेवून, अगदी कणभरापासून सुरुवात करून, १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने वाढवत नेतात आणि शेवटच्या घासानंतर दोन-चार तास थांबवून ठेवतात. ॲलर्जी आहे की नाही याचा खात्रीचा निवाडा हाच. सुई लागत नाही. धीर मात्र लागतो, मुलापेक्षा आईबापांचा जास्त.

आमच्या वेळी दुधापासून सुरुवात झाली. शेवटचा पेला संपला, तीन तास झाले, काही झालं नाही. सव्वा वर्ष मी त्या मुलापासून दूध लपवत होते.

सर्दी-ताप असताना किंवा दमा उसळलेला असताना ही चाचणी करत नाहीत. आधी तीव्र प्रतिक्रिया नक्की येऊन गेली असेल तर ती करायची गरजच नसते.

लहानपणी पेनिसिलिनने पुरळ आलं होतं. आता कायम टाळायचं?

बहुधा नाही. दहातल्या एका माणसाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते आणि नीट तपासलं तर त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना ती नसते. लहानपणीचं पुरळ बरेचदा मूळ विषाणूचंच असतं. खरी ॲलर्जीही विरते: दहा वर्षांनी जवळपास ८० टक्के लोकांत ती उरत नाही. शिक्का मात्र राहतो आणि त्यामुळे जास्त तीव्र, जास्त दुष्परिणामांची प्रतिजैविकं दिली जातात.

पूर्वी यासाठी आधी त्वचेत इंजेक्शनं देऊन तपासत. आता कमी जोखमीच्या लोकांना देखरेखीखाली थेट गोळी देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅलेस’ या चाचणीत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. प्रतिक्रिया येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं, दोनशेत एकाच्या आसपास. मात्र कातडी सोलवटणं, तोंडात-डोळ्यांत फोड येणं असं काही झालं असेल तर ते औषध पुन्हा घ्यायचं नाही.

रोज गोळी खाण्याऐवजी नाकाच्या ॲलर्जीवर सौम्य काय?

नाकातला स्टेरॉइड स्प्रे. ‘स्टेरॉइड’ ऐकून लोक दचकतात, पण औषध नाकात अगदी थोडं पडतं आणि आजच्या स्प्रेंमधलं फारच कमी रक्तात जातं. चोंदलेल्या नाकावर तो गोळीपेक्षा सरस ठरतो. फक्त तो लगेच काम करत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि लोक चौथ्या दिवशी सोडून देतात.

मारायची पद्धतही चुकते. डोकं किंचित पुढे झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने हवं. जोरात ओढू नका, घशात जाईल. नाकातून रक्त येतं म्हणून स्प्रे सोडलेल्या कित्येकांचं टोकच पडद्यावर असतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणंही उपयोगी. पाणी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलंच घ्या. नळाच्या साध्या पाण्यातून क्वचित मेंदूपर्यंत जाणारा अमीबा नाकात शिरू शकतो. क्वचित असला तरी तो जिवावर बेततो.

गोळी घ्यायचीच तर सेटिरिझिन, लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन यांसारखी नव्या पिढीची. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी झोप येते, शाळेत लक्ष लागत नाही, गाडी चालवताना धोका होतो.

धुळीची ॲलर्जी आहे. घर किती झाडायचं?

झाडल्याने धूळ उडते, त्रास वाढतो. ओल्या फडक्याने पुसा. आणि लक्ष जमिनीपेक्षा गादीवर द्या. त्रास देणारे सूक्ष्म किडे आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतला ओलावा शोषून घेतात. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, गादी-उशीला घट्ट विणीचं आवरण घाला, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा. मऊ खेळणी दिवसभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर किडे मरतात, पण ॲलर्जी करणारी त्यांची विष्ठा उरते, म्हणून नंतर धुवावीच लागतात. एकच उपाय केला तर फारसा फरक पडत नाही. सगळे मिळून पडतो.

इम्युनोथेरपी हवी आहे, पण वर्षानुवर्षं इंजेक्शनं नकोत.

लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनमध्ये गवताच्या परागकणांची इंजेक्शनं देऊन या उपचाराची सुरुवात केली. मूळ कल्पना अजून तीच आहे: ज्याचा त्रास, तेच थोडं थोडं देऊन शरीराला ओळख पटवायची. इंजेक्शनं आधी आठवड्याला आणि नंतर महिन्याला, अशी तीन ते पाच वर्षं चालतात.

जिभेखालचे थेंब आणि गोळ्या हा पर्याय आता चांगलाच रुळला आहे. गवत, रॅगवीड हे तण, बर्च झाड आणि धुळीतले किडे यांच्यासाठी अशा प्रमाणित गोळ्या आहेत. पहिली मात्रा डॉक्टरांसमोर घेऊन अर्धा तास थांबायचं, पुढच्या घरी. सुरुवातीला तोंडात, कानात खाज येते, काही आठवड्यांत कमी होते. तोंडात जखम असेल, दात काढला असेल तर काही दिवस थांबवतात. दमा आटोक्यात नसेल किंवा अन्ननलिकेची इओसिनोफिलिक (ॲलर्जीच्या पेशी साठून येणारी) सूज असेल तर हा उपचार देत नाहीत.

चिकाटी इथे सुईची जागा घेते. रोज, किमान तीन वर्षं. २०१७ मधल्या एका चाचणीत गवताची गोळी दोन वर्षं देऊन थांबवली, तर वर्षभराने औषध न घेतलेल्यांपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. रोजचं औषध विसरणाऱ्या माणसाला महिन्याचं इंजेक्शनच खरं तर सोपं जातं. स्वतःला ओळखून निवडा.

मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाने तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर मात्र थेंबांच्या मागे लागू नका. तिथे विषाची इंजेक्शनंच जीव वाचवतात आणि ती फार गुणकारी आहेत.

अन्नाच्या ॲलर्जीवर टाळण्याशिवाय काही आहे?

आता आहे. दूध आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांना ते पिठात मिसळून नीट भाजलेलं चालतं, कारण उष्णतेने प्रथिनांचा आकार बदलतो. तिथून पायरी-पायरीने कमी भाजलेल्या पदार्थांकडे जाता येतं. पायऱ्या डॉक्टरांनी ठरवून द्यायच्या. आधी तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर घरी सुरूच करायच्या नाहीत.

शेंगदाण्यासाठी रोज मोजून पूड खाण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. तो बरा करत नाही, चुकून पोटात गेलेल्या कणापासून वाचवतो. २०२४ मध्ये ओमॅलिझुमॅब या इंजेक्शनलाही एक वर्षापुढच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. दर दोन किंवा चार आठवड्यांनी टोचावं लागतं. सुई नको म्हणणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण अनेक पदार्थांची तीव्र ॲलर्जी असलेल्या घराला त्या एका सुईने मोकळा श्वास मिळू शकतो.

ॲड्रेनालिन तरी सुईशिवाय मिळतं का?

ॲड्रेनालिन म्हणजे ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात जीव वाचवणारं औषध, एरवी ते सुईनेच देतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका आणि युरोपात ॲड्रेनालिनच्या नाकातल्या स्प्रेला मान्यता मिळाली, आधी ३० किलो आणि त्यावरच्यांसाठी. २०२५ मध्ये अमेरिकेत १५ किलोपासूनच्या मुलांसाठी कमी मात्राही आली. खऱ्या झटक्यात रुग्णांना विभागून चाचणी करणं नीतीला धरून नसतं, म्हणून मान्यता दिली गेली ती रक्तातली ॲड्रेनालिनची पातळी, नाडी आणि रक्तदाब इंजेक्शनशी ताडून.

स्प्रे मिळत असेल तर डॉक्टरांशी जरूर बोला. मिळत नसेल तर सुईच, आणि तिथे भीड नको. श्वास अडकतोय, आवाज बसलाय, सारख्या उलट्या होत आहेत, चक्कर येतेय, मूल एकाएकी ढिलं पडलंय: अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, कपड्यावरूनसुद्धा ऑटो-इंजेक्टर (ॲड्रेनालिनची मात्रा भरलेलं तयार इंजेक्शन) टोचा. मग झोपवून पाय वर करा, धाप असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. रुग्णवाहिका बोलवा. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरी मात्रा. ॲलर्जीची गोळी इथे कामाची नाही. ती खाज थांबवते, रक्तदाब सावरत नाही. गोळी देऊन वाट पाहत बसण्यात अमोल मिनिटं जातात.

मध खाल्ल्याने परागकणांची ॲलर्जी जाते का?

नाही. मधात मुख्यतः फुलांचे जड पराग असतात. शिंका येतात त्या वाऱ्यावर उडणाऱ्या गवत-झाडांच्या परागांनी. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

रोज अंगावर पित्त उठतं, दोन महिने झाले. कुठली तपासणी करू?

बहुतेकदा कुठलीच नाही. सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या पित्तामागे अन्नाची ॲलर्जी क्वचितच असते. मोठ्या याद्यांची तपासणी इथे सर्वांत जास्त वाया जाते. नव्या पिढीची गोळी नियमित घेतात, गरजेप्रमाणे डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात.

बाळाला ॲलर्जी होऊच नये म्हणून काही करता येतं?

पूर्वी सांगत, शेंगदाणे उशिरा द्या. लंडनच्या ‘लीप’ या चाचणीने २०१५ मध्ये ते उलटवलं. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं त्यात होती. तपासणीत शेंगदाण्याची खूण नसलेल्या बाळांत, शेंगदाणे टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती. नियमित खाणाऱ्यांत १.९ टक्के.

म्हणून वरचं अन्न सुरू झालं की नीट शिजवलेलं अंडं आणि शेंगदाण्याची पातळ केलेली पेस्ट उगाच लांबवू नका. अख्खा दाणा मात्र देऊ नका, श्वासात अडकतो. बाळाला तीव्र एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एक्झिमाच्या त्वचेची काळजी घ्या. फाटलेल्या त्वचेतून शिरलेला अन्नाचा कण ॲलर्जी घडवतो, पोटातून गेलेला बहुधा ओळख घडवतो, असं आता मानलं जातं.

एकदा लागलेली ॲलर्जी कायमची असते का? तपासणी पुन्हा कधी करायची?

दूध आणि अंड्याची बऱ्याच मुलांत मोठेपणी जाते. शेंगदाण्याची पाचातल्या साधारण एकाची जाते. म्हणून लहान मुलांचं वर्ष-दीड वर्षाने पुन्हा बघतात. दर वेळी सगळी यादी लागत नाही. ज्या एका पदार्थाबद्दल निर्णय घ्यायचा आहे तेवढाच तपासायचा.

आमच्या मुलाची गांध चौथ्या वर्षी ७ मिलिमीटर होती, पाचव्या वर्षी ४. मग भाजलेल्या अंड्याची पायरी सुरू झाली. सातव्या वर्षी दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून त्याने अख्खं उकडलेलं अंडं खाल्लं. त्याला त्याची चव मुळीच आवडली नाही.